इंजिनिअर व्हायचे का?

मुलांनो, आणि वर्गाबाहेर कॉफी पीत थांबलेल्या पालकांनो, हा पाठ दोघांसाठी आहे. नववी-दहावीच्या मुलांनी तो घरी मोठ्याने वाचून दाखवावा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

आपल्या घरांत 'इंजिनिअर' हा शब्द फार लवकर कानावर येतो. त्याला कारण आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लहान गावांतल्या मुलांनाही ही वाट मोकळी झाली. त्या पदवीने कितीतरी घरांचे दिवस पालटले. तेव्हा आईबाबांचा आग्रह म्हणजे नुसता हट्ट नव्हे, हे मुलांनी आधी समजून घ्यावे.

पालकांनी मात्र इथली तऱ्हा समजून घ्यावी. आपल्याकडे गर्दी दारावर असते: सीईटी, टक्के, गुणवत्ता यादी. एकदा आत गेले की एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तरी गाडी बहुधा मुक्कामाला पोचते. जर्मनीत उलटे आहे. आबिटूर हातात असले की माशीनेनबाउ किंवा एलेक्ट्रोटेखनिकला पुष्कळ विद्यापीठांत सहज जागा मिळते. इथेच आबिटूर केलेल्या मुलांना पहिल्या पदवीसाठी सरकारी विद्यापीठात शिकवणी फीही नसते. चाळणी लागते ती आत गेल्यावर. पहिल्याच वर्षी उच्च गणित आणि टेखनिशे मेखानिक या विषयांत बरेच जण गळतात. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाले, तर दुसऱ्या गावी जाऊनही तोच अभ्यासक्रम सहसा घेता येत नाही. म्हणून 'आधी अॅडमिशन तर घे, मग बघू' हा आपला नेहमीचा सल्ला इथे महागात पडतो.

विद्यापीठ झेपणार नाही असे वाटले, तर होखशूल आहे. तिथे प्रत्यक्ष कामावर भर जास्त. रेआलशूलमधूनही फाखओबरशूलमार्गे तिथे पोचता येते, म्हणून चौथीनंतर गिम्नाझियम मिळाले नाही तर घरात सुतक पाळायचे कारण नाही.

आणि आउसबिल्डुंग. 'आयटीआय केले' हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. इथे मेखाट्रोनिकरचे साडेतीन वर्षांचे शिक्षण पगार घेत होते, आणि पुढे माइस्टर झालेल्या माणसाची पातळी जर्मन पात्रता आराखड्यात बॅचलरच्याच बरोबरीची, म्हणजे सहावी, धरतात.

दोन नावे पाहा. रोबेर्ट बॉश उल्ममध्ये उमेदवारी करून यंत्रकाम शिकले आणि १८८६ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला छोटे वर्कशॉप काढले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी घेतली नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण त्यांना रंग नीट ओळखता येत नसत. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान, पुढे लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन बिघडेल या भीतीने शेतकरी आधी तो नांगर घेईनात! याचा अर्थ आज पदवीवाचून भागते असा नव्हे. जर्मनीत 'इंगेनिअर' ही उपाधी कायद्याने राखलेली आहे, कोणीही नावापुढे लावू शकत नाही. पण या दोघांना यंत्राचा नाद आधी होता, हे खरे.

आमचे मत विचाराल तर गणितात चांगले गुण एवढेच कारण पुरेसे नाही. न सुटणाऱ्या गणितापाशी संध्याकाळभर बसवते का? बिघडलेली सायकल उघडावीशी वाटते का? शाळेचे प्राक्टिकुम ओळखीच्या काकांच्या ऑफिसात न करता खऱ्या कारखान्यात करा. मुलींनी एप्रिलमधल्या गर्ल्स डेला जरूर जावे. आरबाइट्सआगेंटूरचा सल्लाही फुकट मिळतो.

शब्दार्थ
उमेदवारी : कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकणे
चाळणी : निवड करण्याची कडक रीत
नाद : मनापासूनची ओढ
सुतक : घरात मृत्यू झाल्यावर पाळायचे दिवस

स्वाध्याय
१. 'गाडी मुक्कामाला पोचणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
२. आईला आणि बाबांना विचारा : तुमचा विषय तुम्ही स्वतः निवडला होता का? नसेल, तर काय शिकायचे होते? उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी आणा.