परिचारिकेची नोंद आणि संकेतांक

कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयातून एखाद्या रुग्णास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावे लागले, तर परिचारिकेची नोंदही तेथे तितकीच समजावयास हवी. एकीने ‘दम लागतो’ लिहिले, दुसरीने ‘धाप’, तर संगणकास ती दोन लक्षणे वाटतात. ‘स्नोमेड सीटी’ परिभाषेत दोहोंस २६७०३६००७ हा एकच संकेतांक आहे. ही परिभाषा सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला.

मात्र लक्षणाचे नाव जुळल्याने शुश्रूषेचा परिणाम कळत नाही. आणि नेमका तोच भाग ‘बरे वाटते’ एवढ्या शेऱ्यावर सोडला जातो. श्वसनगतीसाठी ‘लॉइंक’चा ९२७९-१ हा संकेतांक आहे. त्याखाली सकाळी मिनिटास ३२ आणि सायंकाळी २२ असे आकडे वेळेसह लिहिले, तर घाटीतील डॉक्टरांस उतार दिसतो.