जुन्या धनुष्याची दोरी उतरवा

प्रश्न : हैदराबादहून लाकूड-फायबरग्लासचे जुने रिकर्व्ह धनुष्य आणले. हिमायतनगरच्या आमच्या पत्र्याच्या घरात दोरी चढवूनच भिंतीवर टांगले आहे. पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर : पॉलिश थांबवा, आधी दोरी उतरवा. कायम ताणलेल्या भुजा थकतात, पिळवटतात. त्याहून मोठा धोका तुमच्या छपराचा आहे. लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याखाली ते सुटू लागतात. आतल्या, सावलीच्या भिंतीवर दोन रुंद, कापड गुंडाळलेल्या खुंट्यांवर आडवे ठेवा. कोपऱ्यात उभे टेकवू नका, भुजा वाकडी होते.

मग कापसाचा बोळा भुजांच्या कडांवरून हलकेच फिरवा. तंतू अडकले तर तिथे चीर किंवा सुटलेला थर आहे. फायबरग्लासमधल्या उभ्या बारीक रेषा बहुधा निरुपद्रवी असतात; आडवी चीर दिसली तर ते धनुष्य कधीच ओढू नका. बाण न लावता दोरी सोडणे तर धडधाकट धनुष्यालाही घातक.

पॉलिशला माझा ठाम विरोध आहे. खालच्या भुजेवर हाताने लिहिलेली लांबी, पौंडांतला ताण आणि क्रमांक हीच त्याची ओळख; घासकामात ती जाते. मऊ कापड आणि थोडे मेण पुरे. दोरी बदलायची तर डॅक्रॉनचीच घ्या. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुन्या टोकांना सोसत नाही. शिंग आणि कंडरांचे पारंपरिक धनुष्य हाती आले, तर त्यावर दोरी घरी चढवूच नका.