घरात आरोग्याची एक वही असू द्या

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "ताप कधीपासून आहे?" आपल्यातले बहुतेक जण सांगतात, "लई दिवस झाले, साहेब." या उत्तरावरून डॉक्टरांना काही कळत नाही. तीन दिवसांचा ताप आणि पंधरा दिवसांचा ताप यांच्या तपासण्या वेगळ्या असतात. म्हणून या वर्षावासात आम्ही एकच गोष्ट सुचवतो : प्रत्येक घरात आरोग्याची एक वही ठेवा.

वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. मधुमेहाने शरीर थकलेले असताना बाबासाहेबांनी हा ग्रंथ लिहिला. याच महिन्यांत हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमतच्या शिवारात सोयाबीन-कापसावर फवारणी असते. जुलाब, हिवताप, डेंग्यू आणि सर्पदंशाचेही हेच दिवस. वाचनाहून घरी आल्यावर दहा मिनिटे वहीला द्या. वेळ ठरलेली असली की सवय अंगवळणी पडते.

कसे लिहावे?

शंभर पानी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला काही पाने वाटून द्या. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, चालू गोळ्या आणि न सोसणारी औषधे लिहा. पुढे तारीख, काय झाले आणि काय केले, एवढेच. वाक्ये लहान ठेवा. 'खूप जुलाब झाले' असे न लिहिता 'सकाळपासून ६ वेळा' असे लिहा. 'थोडा खोकला' याऐवजी 'खोकल्याचा आज ९ वा दिवस' असे लिहा. आकडा लिहिला की दुखणे नेमके कळते.

काय लिहावे?

• खोकला सुरू झाल्याची तारीख. दोन आठवडे उलटले तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत होते.

• रक्तदाबाचे दोन्ही आकडे. १४०/९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आले तर डॉक्टरांना दाखवा. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

• जुलाब लागल्याची वेळ. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. चमचा चहाचा घ्या.

• फवारणीचा दिवस आणि औषधाचे नाव. चक्कर, उलटी किंवा घाम सुटला तर डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

• साप चावल्याची वेळ. कापू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

वही सोबत न्या

दिवाळीच्या आसपास अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा शहरात कामाला जातात. लसीकरणाचे कार्ड घरी राहते आणि बाळाचा डोस चुकतो. जन्मावेळी, ६, १० आणि १४ आठवड्यांनी, मग ९ महिन्यांनी लस द्यायची असते. या तारखा वहीत उतरवून घ्या. क्षयरोगाचे उपचार साधारण ६ महिने चालतात. मध्येच खंड पडला तर आजार बळावतो. निघण्याआधी दवाखान्यात सांगा, गोळ्यांचा हिशेब लिहा, म्हणजे तिकडेही औषध सुरू ठेवता येते. कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढा, पण बॅटरी उतरली की मोबाईल काही सांगत नाही. वही पेटीत हवीच.

आईचे पान

लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना द्या. आजी सांगेल, नातू लिहील. त्याचे अक्षर सुधारेल आणि नेमके लिहिण्याची सवय लागेल. एक गोष्ट मात्र जपा. घरातल्या सगळ्यांची दुखणी आईला पाठ असतात, पण तिची स्वतःची कोणी विचारत नाही. तिच्या पाळीची तारीख आणि हिमोग्लोबिनचा आकडा तिच्या पानावर असू द्या. गरोदरपणात तो ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजून लगेच आशाताईंना सांगा.

महिनाअखेरीस वही उघडून पाहा. आईचे पान कोरे असेल तर त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि पहिली ओळ तुम्ही लिहा.