शेजारी कोण? किल्लारीच्या भूकंपावरून एक धडा

शास्त्रभाग : लूक १०:२५–३७; योहान ४:१–२६

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. तो ऐकताना आपण बहुधा स्वतःस शोमरोन्याच्या ठिकाणी कल्पितो. साहाय्य करणारे आपण आणि साहाय्य घेणारे ते परके, असे धरून चालतो. आज आपण वाटेवर पडलेल्या घायाळाच्या ठिकाणी बसून तोच दृष्टांत पाहू.

प्रथम यहूदी व शोमरोनी यांतील भेद ध्यानात घ्यावा. तो क्षुल्लक नव्हता. यहूद्यांचे मंदिर यरुशलेमेत, तर शोमरोन्यांचे पवित्र स्थान गरिज्जीम डोंगरावर. शोमरोनी मोशेची पाच पुस्तके तेवढी मानीत. ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे ११० वर्षे यहूद्यांचा अधिपती योहान हिर्कान याने त्यांचे मंदिर पाडून टाकिले होते. अशा दुखावलेल्या लोकांपैकी एक मनुष्य घायाळाच्या जखमा बांधितो, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो व खर्चही सोसतो.

आता आपल्या लातूर भागाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. गणपतीचे विसर्जन करून लोक थकून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची माती अंगावर कोसळून लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे मरण पावली. त्या दिवसांत साहाय्यास कोण आले? सैनिक आले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलिला. ख्रिस्ती सेवासंस्था आल्या. परदेशांतून साहाय्य आले. जागतिक बँकेने पुनर्वसनासाठी कर्ज दिले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याने, बाहेर ओढणारा हात कोणत्या धर्माचा, हे आधी विचारावे काय?

यावरून आपण तीन गोष्टी शिकतो.

पहिली, परधर्मीयाचे उपकार मानाने स्वीकारावे. देणारा सहज मोठा होतो. घेणाऱ्यास नम्र व्हावे लागते. आजारपणात शेजारच्या घरून पेज आली, प्रेतास खांदा मिळाला, तर तो उपकार आपण मंडळीत मोकळ्या मनाने सांगतो काय? की केवळ आपण केलेले साहाय्यच सांगतो?

दुसरी, साहाय्यास धर्माची अट नसावी. बरा झालास की गरिज्जिमावर ये, असे शोमरोन्याने घायाळास सांगितले नाही. संकटातील मनुष्यास भाकरी दाखवून त्याचा विश्वास विकत घेऊ पाहणे हे त्या भाकरीस व विश्वासासही लांछन आहे. आमच्यापैकी कोणाकडून असे घडले असेल, तर आम्ही ते लपवू नये.

तिसरी, आदर करणे म्हणजे भेद पुसणे नव्हे. काही उपदेशक बंधूंस भीती वाटते की, असे वागल्याने आपला विश्वास कोमट होईल. याकोबाच्या विहिरीवरील प्रसंग पाहा. प्रभूने शोमरोनी स्त्रीशी उपासनेच्या स्थळाविषयी स्पष्ट भाषण केले. भेद झाकिला नाही. परंतु त्या भाषणाचा आरंभ कशाने झाला? त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. ज्याच्या हातचे पाणी आपण पितो, त्याच्याशी मतभेद बोलताना जिभेवर निंदा येत नाही.

म्हणून शेजाऱ्यांची पालखी किंवा ताबूत प्रार्थनामंदिरावरून जात असता कुत्सित शब्द काढू नये. प्रसाद घेणे आपल्या विवेकास पटत नसेल, तर हात जोडून नम्रपणे तसे सांगावे. तो देणाऱ्याचे प्रेम मात्र नाकारू नये. सणाच्या वाद्यांची व आपल्या उपासनेची वेळ एकच येत असेल, तर गावच्या वडीलधाऱ्यांबरोबर आधीच बसून बोलावे. भारतीय संविधानाचे २५वे कलम विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांसच देते. जे आपणांस हवे, ते शेजाऱ्यासही हवे.

शोमरोनी शोमरोनीच राहिला आणि घायाळ आपल्या लोकांत परत गेला असेल. पण त्या वाटेने पुन्हा जाताना, शोमरोनी लोकांविषयी पूर्वीचे कठोर शब्द त्याच्या तोंडून निघाले असतील काय?

विचारासाठी प्रश्न :
१. परधर्मीय शेजाऱ्याने आपल्या घरावर केलेला कोणता उपकार आपण अद्याप बोलून दाखविला नाही?
२. आपल्या साहाय्यामागे कोणती अट दडलेली असते काय?
३. शेजाऱ्यांच्या उपासनेविषयी आपण घरात मुलांदेखत कसे बोलतो?