विद्यार्थ्यांच्या मनातील आत्महत्येचे विचार : कारणे आणि आपली जबाबदारी

भायखळा, आग्रीपाडा, डिलाईल रोड या परिसरात ज्यांचे आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा महापालिकेच्या सफाई खात्यात राबले, त्यांची नातवंडे आज इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा आणि वाणिज्य शाखेत शिकत आहेत. ही आपणा सर्वांच्या समाधानाची बाब आहे. परंतु या समाधानाच्या पोटात एक चिंता दडलेली आहे आणि तिच्याविषयी आपण घरात किंवा सभेत क्वचितच बोलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यांच्या यादीत आपले राज्य पहिले होते. या आकड्यात शाळकरी मुलेही आहेत. येथे मात्र आम्ही कॉलेज व विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींचा विचार करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. कोणतीही आत्महत्या एकाच कारणाने होत नाही. परीक्षेचा निकाल, प्रेमभंग किंवा भांडण हे निमित्त असते. त्याखाली अनेक गोष्टी बराच काळ साचलेल्या असतात. तसेच मनात विचार येणे आणि कृती करणे यांत अंतर असते. हे अंतर आहे, म्हणूनच मदतीला वाव आहे.

मनाला धोक्याकडे नेणाऱ्या गोष्टी

(१) आपण ओझे आहोत ही भावना : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या उपपत्तीत या भावनेला मध्यवर्ती स्थान आहे. आपल्या घरांना हा मुद्दा फार लागू पडतो. वडिलांची रात्रपाळी, आईची धुण्याभांड्याची कामे, पतपेढीचे कर्ज, थोरल्या बहिणीचे सुटलेले शिक्षण हे सारे मुलगा पाहत असतो. “तुझ्यासाठी आम्ही काय नाही केले?” हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो, पण खचलेल्या मुलाच्या कानाला ते थकलेल्या हप्त्यासारखे ऐकू येते. मग त्याचे मन एक खोटा हिशेब मांडते : “मी नसलो तर घर मोकळे होईल.” त्या घरातील कोणालाही विचारा, हा हिशेब कोणी मान्य करणार नाही. पण मुलगा विचारत नाही आणि आपणही आपण होऊन सांगत नाही.

(२) परकेपणा : जॉइनर यांच्या उपपत्तीचा दुसरा भाग म्हणजे आपण कोणाचेच नाही असे वाटणे. मराठी शाळेतून आलेली मुलगी वर्गात इंग्रजीमुळे गप्प बसते. कोणी आडनाव विचारतो, कोणी प्रवेशाचा क्रमांक विचारून “कोट्यातून आलीस का?” म्हणतो. येथून जवळच, नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोषादोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. त्याच वर्षी त्यांच्या मातोश्री आबेदा तडवी आणि २०१६ साली हैदराबाद येथे मृत्यू पावलेल्या रोहित वेमुला यांच्या मातोश्री राधिका वेमुला या दोघींनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अपमान हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो बाहेरून होणारा घाव आहे, आणि मुलाला केवळ “मन खंबीर कर” असे सांगून तो भरत नाही.

(३) आशा संपणे : मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या अभ्यासात असे दिसून आले की, नुसत्या दुःखापेक्षा “पुढे काहीच बदलणार नाही” ही धारणा अधिक धोकादायक असते. एका विषयात केटी लागली म्हणजे एक विषय राहिला. पण निराश मन “सगळे संपले” असा अर्थ काढते. ब्लॅकलिस्टमध्ये नाव लागणे, शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येणे, जात पडताळणीचे कागद अडकणे या वाट निघू शकणाऱ्या अडचणीही त्याला बंद दरवाजासारख्या वाटतात.

(४) दुसऱ्यांच्या अपेक्षांचा दाब : चूक झाली तर लोक आपल्याला किंमत देणार नाहीत, या समजुतीने मूल स्वतःवर कठोर होते. दरवर्षी आपण गुणगौरव समारंभ करतो आणि तो करावाच. पण त्या यादीत ज्यांचे नाव नाही, त्यांच्या घरी समारंभानंतर कोण जाते, याचाही विचार व्हावा.

(५) आजार आणि पूर्वीचा प्रयत्न : नैराश्य हा आजार आहे, आळस किंवा नखरा नव्हे. झोप उडणे आणि दारूचे व्यसन यांनी धोका वाढतो. ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे, त्याच्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे.

ओळखावे कसे?

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तरी रडायला जागा नसते. त्यामुळे मूल घरातच असूनही आपल्याला कळत नाही. पुढील बदल दिसल्यास सावध व्हावे : मित्रांना टाळणे, कॉलेजला जातो सांगून भटकणे, जेवण-झोप बिघडणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, “माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास” असे वारंवार म्हणणे. जो बोलतो तो करीत नाही, हा समज चुकीचा आहे. बोलणे हीच अनेकदा मदतीची हाक असते.

आपण काय करावे?

सरळ विचारावे. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती निराधार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घरच्या भाषेत, शांतपणे म्हणावे : “बाळा, जगणं नको असं कधी मनात येतं का रे?” उत्तर “हो” आले तर रागावू नये, उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. ऐकून घ्यावे. त्याने काही ठरविले आहे असे वाटल्यास क्षणभरही एकटे सोडू नये, घातक वस्तू हाताशी ठेवू नयेत आणि लगेच रुग्णालयात न्यावे. तीव्र आवेगाचा काळ पुष्कळदा थोडा असतो. तेवढ्या वेळात सोबत असणे हेच जीव वाचविणे ठरते.

आपल्याजवळच जे. जे., नायर आणि परळचे के. ई. एम. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मोफत असून तो रात्रंदिवस चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते. पोलीस केस होईल या भीतीने काही कुटुंबे दवाखान्यात जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हा म्हणून उरलेला नाही. तेव्हा भीती सोडावी.

कॉलेजकडेही मागणी करावी. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे काय, एवढे प्रत्येक पालकाने जाऊन विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मनात असे विचार येत असतील तर तुम्ही वाईट नाही आणि एकटेही नाही. विश्वासातल्या एका माणसाला आजच सांगा : आई, मामा, मावशी, शिक्षक, मित्र, कोणीही. आणि पालकहो, आपण मुलांना शिकविले ते घराचे कर्ज फेडायला नव्हे, हे त्यांना माहीत असेल असे धरून चालू नका. “पास हो की नापास हो, तू आम्हाला हवा आहेस,” हे वाक्य आज रात्री जेवताना मोठ्याने म्हणा. मुलीलाही म्हणा. एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.