फौजेनंतरच्या नोकरीची तयारी फौजेतच

सैन्यात चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्यातली पहिली मुले, म्हणजे अग्निवीर, २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. म्हणजे २०२६ सरता सरता आणि २०२७ उजाडताना त्यांची चार वर्षे पुरी होतात. ज्या गावांत घरटी एक तरी माणूस मिलिटरीत असतो, तिथे आईबापांना एकच घोर लागलेला आहे: बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पोरगा घरी आला, तर पुढे काय?

साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीला किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीला हा प्रश्न तसा नवा नाही. जुन्या भरतीतला शिपाईही पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो. घरात शाळकरी मुले, म्हातारे आईवडील आणि हातात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. दुसरी नोकरी त्यालाही शोधावीच लागते. फरक इतकाच, की त्याच्या पाठीशी पेन्शन असते आणि अग्निवीराच्या पाठीशी वय असते.

अग्निवीराच्या पालकांनी हिशेब आधी स्वच्छ समजून घ्यावा. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात. बाकीच्यांना सेवा निधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात आणि त्यावर आयकर लागत नाही. यातला एक वाटा त्यांच्याच पगारातून दरमहा कापलेल्या ३० टक्क्यांचा असतो, तेवढीच भर सरकार घालते आणि वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे ‘माजी सैनिकांना राखीव जागा असतात, कुठेतरी चिकटेल’ हा शेजारच्या सुभेदारांचा सल्ला कितीही मायेचा असला, तरी अग्निवीराला लागू पडत नाही. त्याच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये २०२२ मध्ये १० टक्के जागांची वेगळी तरतूद जाहीर झाली. तिच्यावर सगळा भार टाकणे मला धोक्याचे वाटते.

मग मुलाला पाठवू नये का? जरूर पाठवा, पण शिक्षण थांबणार नसेल तरच. जनरल ड्युटीसाठी दहावीवर भरती होते. दहावीवर गेलेला मुलगा दहावी पासच परत आला, तर त्याच्यापुढे पोलीस भरती आणि सुरक्षा रक्षकाची नोकरी यांपलीकडे फारसे काही उरत नाही. तोच मुलगा सेवेत असताना एनआयओएस या मुक्त विद्यालयातून बारावी करू शकतो. बारावी असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या पदवी अभ्यासक्रमाला नाव घालू शकतो. त्या पदवीचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातूनच मिळतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पदवी हातात किंवा टप्प्यात असली, की एमपीएससी, बँका, स्टाफ सिलेक्शन, अगदी सीडीएस परीक्षा देऊन अधिकारी म्हणून पुन्हा लष्कर, हे सगळे रस्ते उघडे राहतात. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. वय त्याच्याकडे भरपूर असते, कमी पडते ती पदवी.

दुसरी गोष्ट ट्रेडची. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत सगळी चर्चा १६०० मीटर धावण्याची आणि छातीच्या मापाची. कोणत्या ट्रेडला अर्ज भरायचा, याचा विचार फार कमी घरांत होतो. मुलाला बारावी विज्ञानात बरे गुण असतील तर टेक्निकल, बारावीला ६० टक्के असतील तर क्लार्क-स्टोअरकीपर, या वाटा आधी तपासा. वाहन दुरुस्ती, सिग्नल, भांडार, शुश्रूषा यांतले काम बाहेर आल्यावर थेट विकता येते. पायदळातल्या मुलालाही पुढे संधी असते, पण ती शोधायला डोके जास्त लावावे लागते.

इथे जरा थांबतो, कारण फौजेतून आलेली बहुतेक माणसे याच जागी अडकतात. पायदळ कंपनीतला क्वार्टरमास्टर हवालदार घ्या. शंभराहून अधिक जवानांचे कपडे, तंबू, शिधा, उपकरणे यांचा हिशेब त्याच्याकडे. माल किती आला, किती वाटला, किती मोडला, लेखापरीक्षणाला काय दाखवायचे, हे तो वर्षानुवर्षे सांभाळतो, तेही कधी बर्फात, कधी वाळवंटात. हाच माणूस पेन्शनवर येतो तेव्हा अर्जात लिहितो: ‘सैन्यात १७ वर्षे सेवा. शिस्तप्रिय. कोणतेही काम करण्यास तयार.’ भिवंडीच्या गोदामांना आणि चाकणच्या कारखान्यांना भांडार सांभाळणारा भरवशाचा माणूस हवाच असतो, पण त्या अर्जातून त्यांना तो दिसतच नाही. त्यांना दिसतो गेटवर उभा राहू शकेल असा धडधाकट गडी. ‘कोणतेही काम चालेल’ या एका वाक्याने जितके नुकसान होते, तितके कमी शिक्षणानेही होत नाही. किती माणसांची जबाबदारी होती, किती साहित्याचा हिशेब होता, कोणती नोंदवही किंवा संगणक प्रणाली वापरली, हे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहायला शिकायला हवे. हुद्दा, युनिट, पदके खाली एका ओळीत आली तरी पुरे. जोडीला टॅली, एक्सेल, जीएसटीची तोंडओळख असेल तर उत्तम.

त्यासाठी सोय आहे. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात, निवृत्तीच्या आधीच अभ्यासक्रम चालवते आणि जवान व जेसीओंना ते मोफत असतात. दुर्दैवाने कित्येक जण पुढे काय करायचे याचा विचार न करता, घराजवळ केंद्र आहे म्हणून कुठलाही कोर्स घेतात. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे कार्यक्रम असतात. त्यांना माहिती लवकर मिळते, म्हणून इथे त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

पूर्ण सेवा करून येणाऱ्यांसाठी राखीव जागांचा आधार खरा आहे: केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, सार्वजनिक बँकांच्या याच गटात १४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. दहावी पास किंवा लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला पदवी मागणाऱ्या गट क च्या बिगरतांत्रिक पदांसाठीही पात्र धरता येते. सेवेचे शेवटचे वर्ष सुरू झाले की अर्ज भरता येतात, त्यासाठी घरी येण्याची वाट पाहू नये. मात्र एक सावधगिरी. केंद्राच्या नागरी सेवेत या कोट्यातून एकदा रुजू झाले की तो लाभ साधारणपणे संपतो. आधीच केलेल्या इतर अर्जांची यादी रुजू होताना लेखी कळवली, तरच त्या अर्जांपुरता तो टिकतो. म्हणून मिळेल ती पहिली जागा घाईने पकडू नका.

घाई बहुतेक वेळा घरच्यांचीच असते, हे पालकांनी आणि पत्नीनेही मनावर घ्यावे. माणूस दोन महिने घरी दिसला की शेजारी विचारू लागतात आणि तो संकोचून जवळच्या एमआयडीसीत रक्षकाची वर्दी चढवतो. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण बारा तासांच्या पाळीत अभ्यास होत नाही, मुलाखतीला जायला सुट्टी मिळत नाही आणि पाच वर्षांनी वय निघून गेलेले असते. शक्य असेल तर पहिले सहा महिने त्याला अभ्यासाला आणि शोधाला द्या. हातात आलेली रक्कमही तेवढे दिवस मुदत ठेवीत राहू द्या. पेन्शनचा भाग विकून मिळालेले पैसे बंगल्यात, लग्नात, भावकीच्या उसनवारीत जातात आणि दरमहाची पेन्शन १५ वर्षे कमी येत राहते. अग्निवीराच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन: सेवा निधीतले शिक्षणाचे पैसे आधी बाजूला काढा, गाडीचा विचार नंतर.

बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. नोंदणी, शिष्यवृत्त्या, नोकरीच्या जागा यांची माहिती तिथे मिळते. मुलगा पुढच्या सुट्टीवर आला की त्याला घेऊन तिथे एकदा जाऊन या. आणि तो पुन्हा ड्युटीवर निघण्याआधी त्याच्या बारावीचा किंवा पदवीचा प्रवेश अर्ज भरून घ्या.