बिनपगारी कामाची देखरेख
(द्वितीय वर्ष, कला)

अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गावात ‘सुपरवायझर’ हा शब्द शाळेच्या पुस्तकाआधी घरातच कानावर पडतो. पाळी, हजेरी, खाडा, ओव्हरटाइम आणि सुपरवायझर ही सारी एकाच कुळातील मंडळी! त्यामुळे सामाजिक संस्थेत स्वेच्छेने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांवरही देखरेख असावी असे कोणी म्हटले, की मन प्रथम नाखूश होते. जो पगार घेत नाही त्याची हजेरी कसली? आणि जो विनामूल्य राबतो त्याला जाब विचारण्याचा अधिकार तरी कोणाला? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देखरेख केव्हा लागते?

सर्वच सेवाकार्याला देखरेख लागते असे नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले. त्या दिवशी बचाव पथकांच्या जोडीला आसपासचे गावकरीही धावून आले. अशा वेळी काय करावयाचे ते समोरचे पाणीच सांगते.

परंतु संकट ओसरल्यावरचे काम निराळे असते. एखाद्या वस्तीत संध्याकाळी चालणारी अभ्यासिका घ्या. तिथे रोमहर्षक असे काही घडत नाही. तेच पाढे, तीच बाराखडी, तीच मुले. पहिल्या आठवड्यात पाच विद्यार्थी शिकवायला येतात. सत्र परीक्षा जवळ आली की दोन उरतात. दिवाळीनंतर एकही नाही. यात नुकसान कोणाचे झाले? विद्यार्थ्याचे नव्हे, त्याच्या पदरी थोडा अनुभव पडलाच. नुकसान झाले ते पाटी घेऊन दाराशी बसलेल्या मुलाचे. ‘उद्या येतो’ या मोठ्यांच्या शब्दाला किंमत नसते, एवढाच धडा ते शिकले. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की हजेरी पगारासाठी नसते, शब्दासाठी असते.

आपल्याकडील परंपरा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा नव्या सदस्यासाठी पाच वर्षांच्या प्रशिक्षणाचा नियम ठेवला. आयुष्य वाहून घ्यायला निघालेल्या माणसालाही त्यांनी आधी शिकायला बसवले! १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले, तेव्हा वर्षभर देश हिंडून पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असे गोखल्यांनीच त्यांना सुचवले होते. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. या शिक्षणात वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थी वस्तीत जातो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि ती नोंद पुढे ठेवून मार्गदर्शक त्याच्याशी बोलतो.

आपणां सर्वांना परिचित असलेली राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी तिची अपेक्षा आहे. साधारणपणे शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकामागे एक कार्यक्रम अधिकारी असतो आणि ते प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळूनच हे काम करीत असतात. शंभर जणांशी एकट्याने मनमोकळे बोलणे कोणाला शक्य आहे? म्हणून दहा-बारा जणांमागे एक अनुभवी विद्यार्थी नेमणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

चांगल्या देखरेखीची सूत्रे

पहिले सूत्र म्हणजे काम नेमके सांगणे. ‘वस्तीत जाऊन मदत करा’ हे काम नव्हे. ‘मंगळवारी व शुक्रवारी सहा ते साडेसात, चौथीच्या आठ मुलांचे वाचन घ्यावे’ हे काम होय. नेमके काम नसले की स्वयंसेवक सतरंज्या घालण्यात आणि छायाचित्रे काढण्यात संपतो.

दुसरे, एकट्याला पाठवू नये. नवख्याने पहिले काही दिवस जुन्याच्या सोबत राहून पाहावे. लहान मुलांमध्ये काम असेल तर एका प्रौढ व्यक्तीची उपस्थिती मुलांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

तिसरे, आठवड्यातून एकदा निवांत बोलणे. नवख्याला वस्तीत दारिद्र्य दिसते, भांडणे दिसतात, कधी नवशिक्या म्हणून त्याची टिंगलही होते. हे सारे त्याने मनात ठेवले तर तो चौथ्या आठवड्यात निमूटपणे गळतो. ‘का आला नाहीस?’ या प्रश्नाआधी ‘काय जड गेले?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. जाब विचारण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने आधी अडचण विचारली आहे.

चौथे, नोंदवही. कोणते मूल कुठपर्यंत आले हे लिहिलेले असले, म्हणजे एक स्वयंसेवक गेला तरी दुसऱ्याला तिथूनच पुढे जाता येते.

बिनपगारी, पण बिनखर्ची नव्हे

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. विनामूल्य कामालाही किंमत पडते आणि ती सर्वांना सारखी परवडत नाही. ज्यांच्या घरातून महाविद्यालयात येणारी आमचीच पहिली पिढी आहे, अशा अनेकांना तास संपताच शिकवणीला, दुकानात किंवा घरकामाला जावे लागते. कारखान्यातील ॲप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन तरी मिळते. स्वयंसेवकाला लोकलचे तिकीट आणि वडापाव पदरचाच. म्हणून जो येत नाही तो निरुत्साहीच असतो असे समजणे योग्य नव्हे. संस्थेने प्रवासखर्च द्यावा, काम शक्यतो घराजवळचे द्यावे, चार तास जमत नसतील तर दोन तास घ्यावेत. असे न केल्यास सेवा ही सुखवस्तू घरांची मिरास होईल.

वास्तविक वस्तीला याच मुलांची अधिक गरज आहे. मुंबईत १९९४ पासून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ संस्थेने शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. त्या बहुतेक त्याच परिसरातील तरुणी होत्या. त्यांना सुरुवातीला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण व अल्प मानधन दिले जाई. पुढे झालेल्या अभ्यासात त्या मुलांची प्रगती झाल्याचे आढळले. परिसराची ओळख, प्रशिक्षण आणि थोडेसे मानधन यांचा मेळ बसला, तर मोठ्या पदव्यांवाचूनही काम उभे राहते, हे त्यावरून दिसते.

श्रेयांकांचा नवा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर क्षेत्रप्रकल्प व समाजाशी निगडित कामालाही श्रेयांक मिळू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण श्रेयांक हाही एक प्रकारचा पगारच. तास भरले, सही मिळाली, काम संपले, अशी वृत्ती बळावण्याचा धोका त्यात आहे. सही करणाऱ्याने एकदा तरी वस्तीत जाऊन तेथील आयांना विचारावे, ‘मुले काय शिकली?’ त्या उत्तरावर सही व्हावी.

आपण विद्यार्थी तीन वर्षांनी येथून जाणार. वस्ती मात्र इथेच राहणार आहे. म्हणून दरवर्षी जूनमध्ये नवे पथक कामाला लागण्यापूर्वी जुन्या पथकाने आपली नोंदवही त्याच्या हाती द्यावी आणि एक संध्याकाळ त्याला सोबत घेऊन त्या मुलांची नावानिशी ओळख करून द्यावी. एवढे जरी आपल्या महाविद्यालयात सुरू झाले, तरी दाराशी बसलेल्या मुलाला दिलेला शब्द पाळला जाईल.